एनएचएस रिव्ह्यू: पैसे आधीच भरलेत, आता सेवा नीट मागून घ्या

आधी स्टार देऊन टाकते. एनएचएसला, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला, ५ पैकी ४, आणि इंग्लंडमध्ये आल्यावर आम्ही ज्या पहिल्या जीपी सर्जरीत (जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि सर्जरी म्हणजे ऑपरेशन नव्हे, त्यांचा दवाखाना) नाव घातलं तिला २. दोन्ही वेगळं मोजतेय कारण बहुतेक जीपी सर्जऱ्या डॉक्टरांनीच चालवलेल्या स्वतंत्र प्रॅक्टिस असतात, एनएचएसशी त्यांचं काँट्रॅक्ट असतं, त्यामुळे एका गल्लीतली सर्जरी झकास आणि पुढच्या गल्लीतली रडतखडत असं सर्रास असतं, आणि आपली मंडळी मात्र एका रिसेप्शनिस्टवर वैतागून "इथली सिस्टिमच बेकार, आपलं पुणं बरं" म्हणून मोकळी होतात. मला हे अजिबात पटत नाही. सिस्टिम चांगली आहे, फक्त ती आपणहून काही सांगत नाही, काय काय मिळू शकतं ते माहीत असेल तर मिळतं, नसेल तर तुम्ही घरी पॅरासिटामॉल खात बसता. आम्ही लंडनच्या पश्चिमेला एम फोर हायवेच्या पट्ट्यात राहतो, इथे मराठी आयटीवाली कुटुंबं ढिगाने आहेत, सारखं कोणीतरी नवीन उतरत असतं आणि प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आणि हे इंग्लंडपुरतं आहे हं, स्कॉटलंड, वेल्समध्ये बरेच नियम वेगळे आहेत.

पहिलं म्हणजे "एनएचएस फुकट आहे" हे डोक्यातून काढा. ५ जुलै १९४८ ला ही सेवा सुरू झाली, अनायरिन बेव्हन आरोग्यमंत्री होते, आणि तत्त्व असं की आजारी माणसाकडे दारात पैसे मागायचे नाहीत, खर्च करातून भागवायचा. ते तत्त्व मला मनापासून आवडतं. पण आपल्यासारखे व्हिसावर येणारे त्यासाठी वेगळे पैसे मोजतात, इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज म्हणतात त्याला, २०१५ ला चालू झाला तेव्हा माणशी वर्षाला २०० पाउंड होता आणि फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना १०३५, विद्यार्थ्यांना आणि १८ च्या खालच्या मुलांना ७७६. नवरा, बायको, एक मूल, ३ वर्षांचा व्हिसा असा हिशोब केलात तर ८५३८ पाउंड व्हिसाच्या अर्जासोबतच गेलेले असतात, आणि वर इथे पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातोच. (हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर येणाऱ्या नर्स वगैरेंना सरचार्ज माफ आहे, ते योग्यच आहे.) हे आकडे मुद्दाम देतेय, कारण आपल्यातले खूप जण सर्जरीत असे चोरट्यासारखे उभे राहतात, जणू कोणाच्या तरी घरचं फुकट जेवायला आलोय. तसं काही नाहीये. मान वर करून विचारा.

आता रजिस्ट्रेशन. आजारी पडायच्या आधी करा, घर मिळाल्या मिळाल्या, सामान उघडायच्या आधी. इथे सरळ कार्डिऑलॉजिस्टकडे किंवा स्किनवाल्याकडे जाता येत नाही, सगळं जीपीच्या हातून. आपल्याकडे कसं, गुडघा दुखला की ऑर्थोपेडिक, घसा दुखला की ईएनटी, संध्याकाळी ओपीडीत जाऊन नंबर लावला की झालं. इथे तो रस्ताच नाही (प्रायव्हेट आहे पण त्याचे दर ऐकून घ्या आधी). सर्जरीच्या वेबसाइटवरून ऑनलाइन फॉर्म भरता येतो, नाहीतर जीएमएस १ नावाचा कागदी फॉर्म असतो, त्यावरून तुमचा १० आकडी एनएचएस नंबर तयार होतो.

आमच्या पहिल्या सर्जरीत काय झालं ते सांगते. आम्ही तेव्हा कंपनीने दिलेल्या टेंपररी अपार्टमेंटमध्ये होतो, आमच्या नावावर ना लाइटचं बिल ना कौन्सिल टॅक्स, आणि काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की युटिलिटी बिल आणि पासपोर्टशिवाय नाव घेत नाही. तर नियम असा आहे की इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, व्हिसा यातलं काहीच सक्तीचं नाही, ते नाही म्हणून नाव नाकारता येत नाही, आणि हे एनएचएसच्या स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे. नवऱ्याने तिथेच फोनवर ते पान उघडून शांतपणे पुढे केलं. बाईंनी वाचलं, आत गेल्या, प्रॅक्टिस मॅनेजर बाहेर आल्या, "ओ येस, दॅट्स फाइन" म्हणाल्या आणि फॉर्म हातात दिला. आवाज चढवायची गरज पडली नाही. पण ज्याला हे माहीत नाही तो माणूस बिल येईपर्यंत महिना-दीड महिना जीपीविना राहतो, लहान मूल घेऊन, आणि ह्याचाच मला राग आहे, दोन स्टार तिथेच गेले. "मला जीपीकडे रजिस्टर व्हायचा हक्क आहे" असं छापलेलं एक छोटं कार्डही एनएचएसने काढलंय, भाषेची अडचण असेल तर ते दाखवायचं.

अपॉइंटमेंटचं म्हणाल तर सकाळी ८ ला लाइन सुरू होते आणि ८ वाजून ५ मिनिटांनी तुम्ही रांगेत विसावे वगैरे असता. हे त्रासदायक आहे, याबद्दल गोड बोलायचं काही कारण नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सर्जऱ्यांना ऑनलाइन रिक्वेस्ट कामाचा पूर्ण वेळ, म्हणजे सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० चालू ठेवणं बंधनकारक केलंय, त्यामुळे अर्जंट नसेल तर सर्जरीच्या वेबसाइटवरून किंवा एनएचएस ॲपवरून लिहून पाठवा, फोनच्या नादी लागू नका. रिसेप्शनवर "काय होतंय?" असं विचारतात ते आपल्या लोकांना फार खटकतं, म्हणजे तुला कशाला सांगू, डॉक्टरला सांगेन ना. पण त्या लोकांना ट्रेनिंग दिलेलं असतं की कोणाला डॉक्टर, कोणाला नर्स, कोणाला फिजिओ, कोणाला फार्मसीकडे पाठवायचं, त्यामुळे नीट सांगितलंत तर काम लवकर होतं. नाजूक काही असेल तर "इट्स पर्सनल" एवढं म्हटलं की पुढे खोदत नाहीत, निदान आम्हाला तरी कोणी खोदलं नाही.

आणि डॉक्टरसमोर साधारण १० मिनिटं असतात. इथे आपली गाडी फसते, कारण आपल्याला सवय अशी की डॉक्टर बघतील, नाडी धरतील, दोन प्रश्न विचारतील आणि आपोआप ओळखतील. इथे तुम्हीच सांगायचं असतं. एका वेळी एकच तक्रार, कधीपासून, वाढतेय की कमी होतेय, त्यामुळे काय करता येत नाहीये (झोप लागत नाही, जिना चढवत नाही, ऑफिसला दांडी होतेय), आणि तुम्हाला नक्की कसली भीती वाटतेय तेसुद्धा. "घरात वडिलांना कोलन कॅन्सर होता म्हणून मला भीती वाटतेय" हे वाक्य म्हणालात की समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकतो. "ॲक्च्युअली थोडंसं दुखतंय, इट्स ओके" असं भिडस्तपणे म्हणालात तर तो ओकेच समजणार. सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक देत नाहीत, यावर आपल्या ग्रुपवर रोज कोणीतरी चिडलेलं असतं, पण मला विचाराल तर व्हायरलला अँटिबायोटिक न देणं बरोबरच आहे, आपल्याकडे मेडिकलवाला तीन दिवसाचा कोर्स पुडीत बांधून देतो ते चूक आहे. मात्र एकच त्रास घेऊन तुम्ही परत परत जाताय आणि तरी पॅरासिटामॉलवर बोळवण होतेय, तेव्हा "मी याच तक्रारीसाठी पुन्हा आलेय, रेकॉर्डमध्ये बघा, आणि मला स्पेशालिस्टकडे रेफरल का नको ते नोंदवून ठेवा" असं स्पष्ट म्हणायचं. हे उद्धटपणाचं नाहीये, इथे चालतं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, कोपऱ्यावरची फार्मसी. तिला वेगळे ५ स्टार. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये फार्मसी फर्स्ट नावाची स्कीम आहे, त्यात सात आजारांसाठी फार्मसिस्ट स्वतः तपासून, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो, जीपीची चिठ्ठी लागत नाही: सायनस, घसा, लहान मुलांचा कान, चावलेल्या किड्याचं इन्फेक्शन, इम्पेटिगो (त्वचेचं एक इन्फेक्शन), नागीण आणि बायकांचं साधं युरिन इन्फेक्शन. प्रत्येकाला वयाची अट आहे, कानाचं १ ते १७ वर्षं, युरिनचं १६ ते ६४.

आमच्या मुलाचा कान शनिवारी दुपारी दुखायला लागला, रडून रडून लाल झालेला, सर्जरी बंद, मी सरळ ए अँड ईला (हॉस्पिटलची इमर्जन्सी) निघाले होते तेवढ्यात शेजारची केरळी नर्स म्हणाली आधी फार्मसीत दाखव. तिथले फार्मसिस्ट गुजराती, आम्हाला मागच्या छोट्या खोलीत नेलं, जेमतेम दोन खुर्च्या आणि एक सिंक. आधी त्यांनी मुलाला ओटोस्कोप (कानात बघायचं यंत्र) हातात दिला, त्याचा दिवा त्याला स्वतःच्या तळहातावर मारू दिला, मग माझ्या कानात बघितलं, मग त्याच्या चांगल्या कानात, आणि शेवटी दुखऱ्या कानात. तोवर पोरगं रडायचं विसरलेलं. ताप मोजला, किती दिवस, कानातून पाणी येतंय का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, सगळं कॉम्प्युटरवर भरलं आणि सांगितलं की पडदा लाल आहे, फुगलाय, पण पाणी नाहीये, आत्ता दुखणं कमी करायचे ड्रॉप्स देतो, तीन दिवसांत उतार नाही पडला किंवा कानामागे सूज आली, मान आखडली, तर थांबू नका, लगेच दाखवा. एक पेनी घेतली नाही, १६ च्या आतल्या मुलांना औषध मोफत असतं. सोमवारी जीपीच्या रेकॉर्डमध्ये त्यांची नोंद आलेली होती. इतकं नीट मी कुठल्याच महागड्या क्लिनिकमध्ये अनुभवलेलं नाही, तपासणं पण आणि कधी घाबरायचं ते सांगणं पण.

मोठ्यांना मात्र औषधाच्या प्रत्येक आयटमला ९ पाउंड ९० पेन्स पडतात (स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडला शून्य). आणि इथे एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांना कोणीच सांगत नाही म्हणून मी जीव तोडून सांगते. थायरॉइड कमी आहे म्हणून रोज गोळी घेता? डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे? तर तुम्हाला मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिळतं. जीपी सर्जरीत एफपी ९२ ए नावाचा फॉर्म मागायचा, सर्जरीने सही करून पाठवला की ५ वर्षांचं सर्टिफिकेट येतं आणि मग तुमचं कुठलंही प्रिस्क्रिप्शन मोफत, नुसती थायरॉइडची गोळी नव्हे, अगदी खाजेचं मलमसुद्धा. आपल्या बायकांमध्ये थायरॉइड घरोघरी आहे, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं काउंटरवर पैसे भरत होत्या, त्यांना फार्मसीतही कोणी विचारलं नव्हतं. गरोदर असाल तर वेगळं मॅटर्निटी सर्टिफिकेट, बाळ झाल्यावर वर्षभर चालतं, मिडवाइफकडून करून घ्या. पण सर्टिफिकेट हातात यायच्या आधी "मोफत" वर टिक करू नका, तपासणी होते आणि १०० पाउंडांपर्यंत दंड येतो. या तिन्हीत बसत नसाल पण औषधं जास्त लागत असतील तर वर्षाचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट (औषधांचे पैसे एकदम आधी भरून टाकायचे) ११४ पाउंड ५० ला आहे, महिन्याला एकाच्या वर आयटम असतील तर ते परवडतं.

भारतातून येताना औषधांची यादी आणताय ना, तर ब्रँडचं नाव चालत नाही, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून आणा. थायरोनॉर्म म्हणून इथे कोणाला कळणार नाही, लेव्होथायरॉक्सिन म्हटलं की लगेच. बीपीच्या, शुगरच्या दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास देतात, त्यातल्या बऱ्याच इथे मिळतच नाहीत, सुट्या करून देतात, म्हणून निदान दोन-तीन महिन्यांचा साठा आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र सोबत असू द्या. आणि रिपोर्ट बघून दचकू नका, इथे मोजमाप वेगळं आहे. नवऱ्याचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) पुण्यात ६.८ होतं, इथल्या ॲपवर ५१ दिसलं आणि आमच्या घरात सन्नाटा, दोन्ही एकच आकडा आहे, ६.५ म्हणजे इथले ४८. साखर पण तशीच, आपल्याकडच्या आकड्याला १८ ने भागायचं, १२६ म्हणजे इथले ७.

आता जिथे एक स्टार कापला ते. रेफरल. जीपीने स्पेशालिस्टकडे पाठवलं की १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत आणि १०० पैकी ९२ जणांच्या बाबतीत तरी हे पाळलं जावं असं एनएचएसचंच उद्दिष्ट आहे, ते शेवटचं २०१६ च्या फेब्रुवारीत गाठलं होतं. यादीत ७० लाखांच्या वर केसेस आहेत. माझ्या खांद्याचं रेफरल झालं तेव्हा हात वर करून केस विंचरता येत नव्हते, आणि पत्र यायला इतके महिने गेले की मधल्या काळात मी डाव्या हाताने वेणी घालायला शिकले. डॉक्टरांचा, नर्सचा यात दोष नाही हे मला दिसतं, ते बिचारे धावतच असतात, पण दुखणाऱ्या माणसाला त्याने काय फरक पडतो. यात दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, पहिल्या रेफरलच्या वेळी हॉस्पिटल निवडायचा हक्क तुम्हाला आहे, जीपीला सांगा की जिथे वेटिंग कमी ते द्या, लांब जायची तयारी आहे. दुसरं, फिजिओसाठी बऱ्याच भागांत जीपीशिवाय स्वतःच नाव देता येतं, सर्जरीला विचारा. आणि हे नीट वाचा: कॅन्सरची शंका असेल तर वेगळी अर्जंट लाइन आहे, २८ दिवसांत हो की नाही ते कळावं असं त्यांचं उद्दिष्ट आहे. गाठ लागली, शौचातून रक्त गेलं, कारण नसताना वजन उतरलं तर लाजत, "भारतात गेल्यावर दाखवू" म्हणत थांबू नका.

ए अँड ई फक्त जिवावरच्या गोष्टींसाठी. छातीत दुखणं, श्वास, अर्धांगवायूची लक्षणं, मोठा रक्तस्राव, तर ९९९ ला फोन. बाकी काहीही कळत नसेल तर १११ नंबर, रात्री-बेरात्री चालू असतो, ते लोक प्रश्न विचारून सांगतात कुठे जायचं, आणि कधीकधी अपॉइंटमेंटची वेळपण लावून देतात. ए अँड ईमध्ये आधी आलेल्याला आधी असं नसतं, ट्रायाज नर्स गंभीर कोण ते ठरवते, त्यामुळे मोडलेल्या बोटाला घेऊन अख्खी रात्र बसावं लागू शकतं, डबा, पाणी, चार्जर, गरम कपडे घेऊन जा. आपलं माणूस ॲडमिट आहे आणि तब्येत बिघडतेय असं तुम्हाला दिसतंय पण वॉर्डात कोणी ऐकत नाहीये, तर मार्थाज रूल आठवा. २०२१ मध्ये मार्था मिल्स नावाची १३ वर्षांची मुलगी सेप्सिसने (इन्फेक्शन अंगभर भिनून) गेली, आईवडील सांगत होते आणि ऐकलं गेलं नाही, त्यांनी लढून हा नियम आणायला लावला, २०२४ पासून तो इंग्लंडच्या हॉस्पिटलांत टप्प्याटप्प्याने आला. घरचे लोक स्वतः फोन करून वेगळ्या टीमकडून तातडीने तपासणी मागू शकतात. नंबर वॉर्डात लावलेला असतो, नसेल तर नर्सला विचारा.

दुभाषा मोफत मिळतो, हेही सांगत नाहीत. सासूबाई आल्या होत्या तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच "मराठी इंटरप्रिटर" असं मी सांगून ठेवलं. डॉक्टरांच्या टेबलावर फोन स्पीकरवर, पलीकडून एक ताई, "काकू, सावकाश सांगा, मी आहे." मी बाहेर बसले, मुद्दाम. आईंना लघवीचा त्रास होता, दोन वर्षांपासून, आणि तो त्यांनी घरात कोणालाच सांगितला नव्हता, मुलासमोर तर शक्यच नाही आणि माझ्यासमोरही त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. त्या अनोळखी ताईंना सगळं सांगितलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा मोकळा झालेला. नवरा किंवा मुलं दुभाषी म्हणून बसवू नका, विशेषतः बायकांनो, तुमचा तो हक्क आहे.

दाताचं लिहिण्यासारखं फार नाही, एनएचएस डेंटिस्ट नवीन पेशंट घेतच नाहीत बऱ्याच ठिकाणी, भारतात असतानाच दात करून या.

आणि आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर हे लक्षात ठेवा. जीपीचा सल्ला आणि ए अँड ईमधले उपचार त्यांनाही मोफत आहेत, सर्जरी त्यांना टेंपररी पेशंट म्हणून घेऊ शकते, पण ए अँड ईमधून वॉर्डात ॲडमिट केलं की बिल चालू होतं, आणि ते एनएचएसच्या नेहमीच्या दराच्या दीडपट. हार्टचं काही झालं तर किती होईल विचार करा. ५०० पाउंडांच्या वरचं बिल दोन महिने थकलं तर हॉस्पिटलवाले होम ऑफिसला (व्हिसा देणारं सरकारी खातं) कळवतात आणि आईबाबांच्या पुढच्या व्हिसावर गदा येऊ शकते. म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, आणि घेताना बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी काही लपवू नका. स्वस्त पॉलिसीत जुने आजार वगळलेले असतात, पान पान वाचून बघा, कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या, आणि पॉलिसीची एक कॉपी त्यांच्या पासपोर्टच्या पाऊचमध्ये, एक तुमच्या फोनमध्ये ठेवा.